बोलतंय

आमच्या खात्यात तिला सगळे अनुस्वारबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला ते चालतं. कायद्याचे मसुदे तपासणं हे तिचं काम. साहेबांनी सही केलेला कागदसुद्धा एका टिंबासाठी परत पाठवणारी बाई! शेजारच्या टेबलावर बसून मी किती वैतागलोय, माझं मला माहीत.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्याचा मसुदा आला. त्यातलं एक कलम अगदी साधं होतं. फोनवर यंत्र बोलत असेल, तर ते पहिल्याच वाक्यात कळलं पाहिजे. पण यंत्र 'मी बोलतो' म्हणणार की 'मी बोलते'? झालं, बैठकीत जुंपली. एक बाईसाहेब म्हणाल्या, "हुकूम झेलायला दरवेळी बाईच का हो?" कंपनीवाल्यांनी हळूच 'मी बोलत आहे' पुढे सरकवलं. म्हणजे तोही नाही आणि तीही नाही.

अनुस्वारबाईने चष्मा वर केला. "यातून काय कळणार, कपाळ? माणूसही तसंच म्हणतो. यंत्र 'ते' असतं ना? मग ते 'मी बोलतंय' म्हणेल. आणि टिंब विसरू नका."

चहा थंड होत होता. मंजूर झालं.

कायदा लागू झाला त्या दिवशी सकाळपासून रेडिओ तेच सांगत होता: 'मी बोलतंय' ऐकलं की ओळखा, यंत्र आहे. भामटे कायदा पाळतील का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तिचे बाबा दुसऱ्या गावी एकटेच राहतात. डोळे गेलेत, सोबतीला दिवसभर रेडिओ. ती रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांना फोन करते. त्यांना तेवढाच आधार, आणि खरं सांगायचं तर तिलाही. शेजारच्या शिंप्याला कुणीतरी त्याच्या मुलाच्या हुबेहूब आवाजात गंडवलं, तेव्हापासून म्हाताऱ्याने फोनचा धसकाच घेतला होता.

त्या दुपारी तिने डबा उघडता उघडता फोन लावला.

"बाबा, मी बोलतंय."

पलीकडून खाडकन फोन बंद.

तिने कपाळावर हात मारला आणि मला सांगितलं. लहानपणी बाबा विचारायचे, "काय करतंय आमचं पोर?" आणि ही म्हणायची, "मी खेळतंय." तीच सवय फोनवर टिकली होती. घरातल्या घरातली गंमत, बैठकीत तिच्या ध्यानातही आली नसणार.

तिने पुन्हा फोन लावला. या वेळी नीट, शुद्ध म्हणाली, "बाबा, मी बोलते आहे."

"आमचं पोर असं बोलत नाही," म्हातारा ओरडला. मला इकडे ऐकू आलं. "चोर लेकाचे!"

त्यानंतर त्यांनी तिचं काही ऐकूनच घेतलं नाही. ती लावत राहिली. घंटा वाजायची, आणि मध्येच उचलला गेलाच तर ती घाईघाईने "बाबा, बाबा, अहो ऐका" म्हणेपर्यंत पुन्हा बंद. डबा तसाच राहिला. तिचा चेहरा बघवेना, म्हणून साहेबांना न विचारताच मी तिला बसमध्ये बसवलं आणि शेजारी बसलो. वाटेत तिने एकाही पाटीवरची चूक काढली नाही.

दाराला आतून कडी होती. तिने टकटक केलं.

"कोण आहे?"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. शब्दासाठी अडलेली अनुस्वारबाई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मी आलंय, बाबा," ती शेवटी म्हणाली.

आत काठी वाजली. कडी निघाली. त्यांनी हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला. कपाळ, चष्मा, हनुवटी.

"आलंय होय!" म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला. "बरं झालं आलंस. ते मेलं यंत्र दुपारपासून तुझ्याच आवाजात 'बाबा, बाबा' करत होतं. शेवटी शेवटी तर रडायला लागलं. मी दिला फोन आपटून."

"हो का," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून आत गेली.