आईनं बांगड्या कुठे भरल्या

भावाचं लग्न ठरलं तेव्हा वडिलांना जाऊन वर्ष उलटलं होतं. खरेदीची यादी आईनं स्वतः केली. साड्या, मानपान, रुखवताचं सामान. आम्ही मालाडचे, लग्न होऊन आल्यापासून आईची खरेदी स्टेशनजवळच्या बाजारातच. यादीच्या तळाशी तिनं लिहिलं होतं : हिरव्या बांगड्या, काचेच्या. माझ्यासाठी पण.

आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, तयारीसाठी बोरिवलीहून रोज येत होती. तिनं यादी वाचली. कागद खाली ठेवून म्हणाली, "वयनी, ह्या बरा दिसाचा नाय."

"कोणाला?" आईनं विचारलं.

आत्या चहा तसाच ठेवून निघून गेली.

वडील गेले त्या दिवशी आईच्या बांगड्या आत्यानंच फोडल्या होत्या. दुष्टपणानं नाही, रडत रडत. आपल्या भावाचं सगळं रीतीप्रमाणे व्हावं म्हणून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चाळिशीची, नोकरी करणारी बाई. मला ते अजिबात पटत नव्हतं आणि मी एक शब्द बोलले नाही. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तरी यादी पाहून पुन्हा पळवाटच सुचली. "आई, आपण मॉलमध्ये जाऊ. तिकडे डब्यातल्या बांगड्या मिळतात. कोणी ओळखत नाही, कोणी विचारत नाही."

ती आली. मॉलमधल्या मुलीनं हसून डबा पुढे केला, एवढ्या हिरव्या बांगड्या की डोळे निवावेत. आईनं एक उचलली, उजेडात धरली आणि परत ठेवली.

"छान आहेत ना गं?" मी म्हटलं.

"छान आहेत. पण इथं मी चोरासारखी का येऊ? मी काय कोणाचं लुबाडलंय?"

त्या मुलीला काही कळलं नाही. आई तोवर सरकत्या जिन्याकडे चालायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बाजारात पाय ठेवायला जागा नसते त्या वेळी, ती मला घेऊन तिच्या नेहमीच्या बांगडीवालीकडे गेली. माझ्या लग्नातला चुडा याच बाईनं भरला होता. आईला बघून तिनं बसायला स्टूल दिलं, वडिलांबद्दल दोन शब्द बोलली आणि सोनेरी, धातूच्या बांगड्यांचा ट्रे पुढे सरकवला.

"ताई, या बघा. या चालतात."

"हिरव्या काढ. काचेच्या."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. शेजारी आमच्याच बिल्डिंगमधली एक बाई मुलीला घेऊन बसली होती, तीही बघायला लागली.

"माझं काही म्हणणं नाही, ताई," बांगडीवाली हळूच म्हणाली. "पण उद्या तुमच्या घरचे मला बोलतील."

"मी शाळेत जायचे तेव्हाही हातात काचेच्या बांगड्या होत्या," आई म्हणाली. तिनं आवाज खाली आणला नाही. "तेव्हा कुठला नवरा होता? भर तू."

आता तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "घरची मीच आहे. मला चालतंय."

बांगडीवालीनं आईचा हात हातात घेतला, बोटांची पेरं दाबून पाहिली. "दोन-सहा लागायच्या तुम्हाला. आता दोन-चार होतील." वडिलांच्या आजारपणात आईचा हात किती उतरला होता, ते मला त्या दुकानात कळलं. पहिली बांगडी अंगठ्याशी अडून तडकली. बाईनं तोंडातल्या तोंडात "वाढली" म्हटलं आणि आईकडे घाबरून पाहिलं. आई म्हणाली, "दुसरी घे." डझनभर होईपर्यंत तिनं हात हलवला नाही. बिल्डिंगमधली ती बाई मुलीचं आटपून निघाली, आमच्याशी न बोलता. आत्याला त्याच रात्री फोनवरून सगळं कळलं.

लग्नाच्या दिवशी आई हिरव्या साडीत, मनगटभर बांगड्यांनिशी दारात उभी राहून पाहुण्यांचं स्वागत करत होती. दोघी-तिघींनी नमस्कार टाळला. एका म्हाताऱ्या मावशींनी तिचा हात धरून बांगड्यांवरून बोट फिरवलं आणि आत जाऊन बसल्या. त्यांचे हात मोकळे होते.

आत्या अक्षता टाकून झाल्यावर निघाली. मी तिला अडवायला निघाले तर आईनं मला थांबवलं.

"जाऊ दे तिला. पण जेवली नाहीये, डबा भरून दे."

मी डबा भरला. आत्यानं रिक्षात बसल्यावर तो मांडीवर घेतला. माझ्याशी मात्र बोलली नाही.