लिंबूमॅडमचा उतारा

बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, पण लिंबू हमखास असायचं. पिवळंधमक, गोल, बाजारात निवडून घेतलेलं. एखाद्या बँकेच्या नाहीतर दवाखान्याच्या दारात व्हीलचेअरसाठी केलेला उतार दिसला, की त्या वरच्या टोकाला लिंबू ठेवायच्या आणि सोडून द्यायच्या. नीट केलेल्या उतारावरून लिंबू रमतगमत खाली येतं. आमच्याकडच्या उतारांवरून ते जे सुटायचं, ते थेट रस्त्याकडेच्या गटारात. मग बाई नाक मुरडून म्हणायच्या, "ही घसरगुंडी आहे. उचला आणि बागेत नेऊन ठेवा."

त्यांचा धंदा सल्ल्याचा. चाकाच्या खुर्चीवरची माणसं, आंधळे, म्हातारेकोतारे या सगळ्यांना एखादी इमारत वापरता यावी म्हणून तिच्यात काय बदलायचं, ते त्या सांगत. पुण्यात मोठमोठी कामं केल्यावर त्या इंदापूरला माहेरच्या घरी येऊन राहिल्या आणि बारामतीपर्यंतच्या पायऱ्या पालथ्या घालू लागल्या. लोकांनी लगेच नाव ठेवलं, लिंबूमॅडम. मी मात्र बाईच म्हणायचे. मी वालचंदनगरला शाळेत शिकवत होते. अपघातानंतर खुर्चीला खिळले आणि काटेवाडीला भावाकडे आले. बाईंचं म्हणणं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुमच्या घरात कुणी हाय का असं?" हा प्रश्न त्यांना जिथे जातील तिथे व्हायचा. आवाज हळू, चेहरा दुखवट्याला आल्यासारखा. बाई ठणकावून सांगायच्या, "अजून नाही. पण मी आहे ना, होईन की म्हातारी. तुम्ही काय असेच तरणेताठे राहणार आहात?" समोरचा ओशाळून चहा मागवायचा. चहा त्या प्यायच्या नाहीत.

एका शब्दाचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा होता. 'उचलू की!' आमच्या भागात हा शब्द फार उदार समजला जातो. पायऱ्या आहेत? उचलू की. संडासाचं दार अरुंद आहे? उचलू की. उचलणाऱ्यांना काय कळणार! एकाच्या तोंडाला गुटख्याचा भपकारा, दुसऱ्याचा हात काखेत, साडी सरकली तर सावरायला माझे हात मोकळे नाहीत. आणि वर पोचलं की चौघंही मोठं पुण्य पदरी पडल्यासारखे माझ्याकडे बघून हसतात. शी! आठवलं तरी अंगावर काटा येतो. बाई अशा लोकांना तोंडावर विचारायच्या, "ती काय उसाची मोळी आहे का, उचलायला?"

माझ्या भाचीचं, सायलीचं लग्न ठरलं तेव्हा मी बाईंना गाठलं. सायलीची आई लवकर गेली. पोर माझ्याच हाताखाली वाढली. तिचा एकच हट्ट होता. "आत्या, अक्षता पडताना तू स्टेजवर माझ्या मागं पाहिजेस, आईच्या जागी. आणि उचलून आणलेली नको. तुझी तू ये." मंगल कार्यालय इंदापूर रस्त्यावरचं. स्टेज छातीइतकं उंच आणि चढायला नुसत्या पायऱ्या.

कार्यालयाच्या मालकाला सगळे आबा म्हणत. बाईंनी त्यांच्या मागे लागून, वाद घालून, शेवटी स्टेजच्या बाजूने लांबलचक उतार करून घेतला. लिंबू सोडलं. ते ऐटीत, रमतगमत माझ्या चाकापाशी येऊन टेकलं. बाई खुदकन हसल्या. आबाही खूश. "आता आमचं कार्यालय एकदम पुण्यासारखं झालं बगा!"

लग्नाच्या दिवशी मी पैठणी नेसून उताराशी आले आणि बघते तर काय, उतारावर डीजेचे दोन अजस्र स्पीकर, फुलांच्या रिकाम्या पाट्या आणि वऱ्हाडाच्या चपला. मला शिसारीच आली. सायलीचा मुंडावळ्यांखालचा चेहरा पडला. आबा म्हणाले, "ताई, आता मुहूर्ताच्या टायमाला कुटं हलवायचं हे समदं? आमी हाय न्हवं! चार जण उचलू की." चौघांनी बाह्या सरसावल्यासुद्धा.

बाई पायऱ्यांपाशी गेल्या. पर्समधून लिंबू काढलं, शेजारच्या ओवाळणीच्या ताटातलं कुंकू त्यावर चिमूटभर टाकलं आणि मधल्या पायरीवर ठेवून दिलं.

"अगं बाई, उतारा!" वरमाय किंचाळली. वाजंत्री थांबली. नवरदेवाने उचललेला पाय तसाच मागे घेतला. त्या पायरीवरून जायची कुणाची छाती होईना.

"मॅडम, उचला की ते!" आबा रडकुंडीला आले.

"तुम्हाला उचलायची हौस आहे ना? उचला," बाई म्हणाल्या. "नाहीतर बाजूने उतार आहे. मोकळा करा."

दोन माणसांना न हलणारे स्पीकर बघता बघता हलले. नवरदेव, वरमाय, भटजी, सगळं वऱ्हाड उतारावरून वर गेलं. त्यांच्या मागून मी, माझ्या हातांनी माझी चाकं फिरवत. अक्षता पडल्या तेव्हा मी सायलीच्या मागे होते.

जेवणाच्या पंगतीत बाईंनी जिलेबीला हात लावला नाही. "मला माझीच किळस आली हो आज," त्या म्हणाल्या. "नियम दाखवले, नकाशे काढून दिले, हात जोडले. हलले नाहीत. लिंबाला घाबरून हलले. बाईमाणूस समोर खुर्चीत बसलंय, तिच्यासाठी नाही हलले."

त्यानंतर त्यांना इथे कुणी काम दिलं नाही. करणी करणारी बाई म्हणून बोभाटा झाला. ज्यांनी त्यांना व्यासपीठावर बोलावून शाली घातल्या होत्या, तेच त्यांना बघून रस्ता बदलू लागले. मला उचलायला हीच माणसं पुढे असायची, हे लक्षात घ्या. बाई शेवटी पुण्याला निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "उतार बांधायला शिकवता येतं. मोकळा ठेवायला कसं शिकवायचं, ते मला नाही जमलं." मी त्यांचा हात धरून ठेवला होता. रडले, मला लाज नाही सांगायला.

परवा त्याच कार्यालयात एका विद्यार्थिनीच्या लग्नाला गेले. उतार फुलांनी सजवलेला, तोंडाशी लाल दोरी. वॉचमन धावत आला.

"मावशी, हितनं न्हाय. ही वाट नवरानवरीची. लई शुभ हाय म्हणत्यात, समदी लग्नं आता हितनंच वर जात्यात. तुमी थांबा, चार जण बोलावतो. उचलू की तुमाला!"

मी पर्सची चेन उघडली. लिंबू होतंच.

"कुंकू आण रे जरा," मी म्हणाले.