परत बोलावलेल्या ट्रॉल्या

परभणीला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या विकणाऱ्या एका दुकानात मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा मराठी टंकलेखनाची परीक्षा नुकतीच पास झाले होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून ते दिवस तापलेले असायचे, एसटी कधी धावेल आणि कधी नाही याचा भरवसा नसायचा. पण आमचं दुकान उघडंच असायचं, कारण मालक दुकानाच्या वरच राहत. दुकानात आम्ही तिघं: मालक, मी आणि एक मिस्त्री. मिस्त्रींना वाचता येत नव्हतं, पण रस्त्यावरून ट्रॉली गेली की कोणत्या चाकाचं बेअरिंग गेलंय ते आवाजावरून सांगत.

एक दिवस ट्रॉल्या बनवणाऱ्या कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. ट्रॉलीच्या पुढच्या फाळक्यावर पत्र्याची एक पट्टी ठोकलेली असायची. वजन किती भरायचं, टायर कोणत्या मापाचा, त्यात हवा किती, हे तिच्यावर छापलेलं असे. एका खेपेत छापणाऱ्यानं हवेचे आकडे उलटे टाकले होते. सेहेचाळीस पौंडांच्या जागी चौसष्ट. तेवढी हवा कुणी भरली तर टायर फुटायचा धोका, म्हणून त्या खेपेच्या सगळ्या ट्रॉल्या दुकानी बोलावून पट्टी बदलावी, असं पत्रात होतं. सोबत नव्या पट्ट्यांचं पुडकं.

"बाई, हे मराठीत करा अन् गिऱ्हाइकांना कार्डं टाका," मालक म्हणाले.

मी बावीस कार्डं टाकली. मजकूर असा: 'सुरक्षिततेच्या कारणास्तव आपली ट्रॉली कंपनीने परत बोलावली आहे. तरी ती त्वरित दुकानी जमा करावी.' त्यातलं 'जमा करावी' मला फार भारदस्त वाटलं होतं. पट्टीचा उल्लेख करायचा राहून गेला, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

पंधरा दिवस एकही ट्रॉली आली नाही. आलं ते एक कार्ड, माझंच, परत. बोरीच्या एका निवृत्त गुरुजींनी त्यावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'परत बोलावली व जमा करावी यांतून दोन अर्थ निघतात. कोणता घ्यावा?' खाली दहापैकी चार गुण.

मालकांनी कार्ड दोनदा वाचलं. "चारच?" एवढंच म्हणाले, आणि मला मिस्त्रींबरोबर बोरीला धाडलं.

जिंतूरच्या गाडीनं आम्ही बोरीला उतरलो. यादीतलं पहिलं घर गावाच्या कडेलाच होतं. अंगणात कडब्याची मोठी गंजी होती आणि घरची बाई दारात उभी होती.

"मालक घरी न्हाईत," तिनं आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं.

"आन ट्रॉली?" मिस्त्रींनी विचारलं.

"ती बी न्हाई. पाव्हण्याकडं गेली."

"एकटीच?"

"ट्रॅक्टरसंगं."

ट्रॅक्टर लिंबाखाली उभा होता. आम्ही तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. तिनं गंजीला लागून गोधडी टाकलेल्या एका अरुंद बाकड्यावर मला बसवलं आणि चहा करायला गेली. चहा चांगला होता. बाकडं मात्र कडक आणि थंडगार होतं. मिस्त्री माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमी दांडीवर बसलाव."

"कशाच्या?"

"ट्रॉलीच्या."

मी उठले. तेवढ्यात गंजीमागून घरधनी बाहेर आला. डोक्यात, मिशीत कडबा.

"बाई, तेवढी घिऊन जाऊ नका," तो म्हणाला. "म्होरल्या आठवड्यात पोरीचं लगीन हाय. वऱ्हाड ह्याच्यातच न्यायचंय."

"कोण नेतंय ट्रॉली?"

"तुमचंच कार्ड आलंय की. गुरुजीनं वाचून दावलं. म्हनले, ह्याचे दोन अर्थ व्हायलेत."

"मग?"

"आमी वाईट धरला."

गावात अशी पाच कार्डं आली होती आणि गुरुजी सोडून चारही घरांनी वाईटच धरला होता. एक ट्रॉली ज्वारीच्या रानात उभी होती, एक पडवीत, कुडाची भिंत काढून आत ढकललेली. एक तर खरोखरच सासुरवाडीला गेली होती.

मिस्त्रींनी नवी पट्टी काढून दाखवली. ट्रॉली तुमचीच, एवढा पत्रा बदलायचा, दोन रिपिटा मारल्या की झालं. घरधनी पट्टीकडे बघत राहिला.

"काय लिवलंय ह्याच्यावर?"

"हवा किती भरायची ते."

"ते कोन बघतंय? आमी चाकाला लाथ मारून बघताव."

म्हणजे ती चुकीची पट्टी गावात कुणी वाचलीच नव्हती. एक माणूस सोडून. तो आता छत्री टेकत अंगणात येत होता, आणि तेच गुरुजी होते हे मला खिशातल्या लाल पेनावरून कळलं.

गुरुजींकडे हवा मोजायचं स्वतःचं मीटर होतं. त्यांनी आपल्या ट्रॉलीत मोजून चौसष्ट भरली होती. पहिला टायर कापसासकट जिंतूरच्या रस्त्यावर फुटला. दुसरा भर दुपारी अंगणात, ट्रॉली नुसती उभी असताना. त्या आवाजानं म्हैस दावं तोडून पळाली, ती तीन दिवस दूध देईना.

"लोक म्हणायचे, गुरुजी, थोडी हवा सोडा. मी म्हणायचो, छापलंय ते काय उगीच?" मग त्यांनी कंपनीला चार पत्रं पाठवली होती. आमच्या दुकानी आलेलं पत्र त्यांच्यामुळेच निघालं होतं. आकडे उलटे पडले होते असं मी सांगितलं. "ह्याच चुकीसाठी मी पोरांना बाकावर उभं केलं," ते म्हणाले, "अन् मलाच ती दिसली न्हाई."

मग त्यांनी मला कोरं कार्ड दिलं. घरच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यांना कळेल असं लिहा."

मी लिहिलं: 'तुमची ट्रॉली तुमचीच आहे. ती कुणी नेणार नाही. तिच्यावरची पत्र्याची पट्टी चुकली आहे, ती मिस्त्री घरी येऊन फुकट बदलतील. चाकात हवा सेहेचाळीस भरा.' आणि वाचून दाखवलं.

बाईनं ऐकलं. "मंग पयल्यांदाच असं का न्हाई लिवलं?"

"परीक्षेत असं शिकवत नाहीत," मी म्हणाले. गुरुजींनी छत्रीची मूठ न्याहाळली.

महिन्याभरात बावीसही पट्ट्या बदलून झाल्या. पालमकडचा एक शेतकरी तेवढा अडून बसला. चौसष्टावरून सेहेचाळीसावर आणून त्याच्या ट्रॉलीची ताकद कमी करतो आहोत, असं त्याला वाटत होतं. शेजाऱ्याचीही उतरवली म्हटल्यावर तयार झाला.

मालक मला एक शब्दही लावून बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून दुकानातून जाणारं प्रत्येक पत्र आधी मिस्त्रींना वाचून दाखवायचं, असा नियम त्यांनी केला. मिस्त्री हातातला पाना खाली ठेवत, डोळे मिटून ऐकत आणि 'कळलं' किंवा 'न्हाई कळलं' एवढाच निकाल देत. मालकांनी स्वतः लिहिलेली दिवाळीची जाहिरात तीनदा नापास झाली.

पुढं माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचा मजकूरही मी मिस्त्रींना वाचून दाखवला.

"कळलं," ते म्हणाले. "पर जेवन कुठं हाय ते लिवलं न्हाई."