ट्रायलला उभा राहिलेला माणूस

लिव्हर खराब झालं म्हटलं की कोल्हापुरात दोनच प्रश्न विचारतात. कुठली घेत होता, आणि कुणाबरोबर. तिसरा प्रश्न कुणाला सुचत नाही. प्रभुलिंग हंजे टेलरना हे दोन्ही प्रश्न इतक्यांनी विचारले की शेवटी ते म्हणायचे, "एकटाच घेत हुतो पावणं. चहा."

गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, सोमवारी दिवसभर उपास. शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडाला वास आला तर हा गृहस्थ चालत्या रिक्षातून उतरायचा आणि भाडं मात्र पुरं द्यायचा. अशा माणसाच्या वाट्याला लिव्हरचा सिरोसिस यावा, याला देवाची थट्टा म्हणायचं की नुसताच गलथानपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पापाच्या तिकटीजवळच्या बोळात त्यांचं 'विद्याश्री टेलर्स'. विद्याश्री म्हणजे त्यांची मुलगी, लग्न होऊन निपाणीला गेलेली. दुकानाच्या मागं ते आणि त्यांची बायको रुद्राणीकाकू राहायचे आणि वरच्या खोलीत मी भाड्यानं. हंजे टेलरना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा मूळचे कुरुंदवाडचे, मीही तिथलाच, एवढ्या भांडवलावर खोली मिळाली होती. समोर आकारामची पानपट्टी. आकाराम पानापेक्षा माणसं जास्त चघळायचा, आणि रोज संध्याकाळी शटर ओढलं की नेमानं दोन पेग मारायचा.

अण्णांचा हात कोटावर. रेडिमेडची दुकानं येऊन बाकीचे टेलर नुसते फॉलपिको आणि आल्टरवर आले, तरी लग्नाचा कोट म्हटलं की जाणती माणसं या बोळातच शिरायची. अण्णांच्या दुकानाचा एक नियम होता आणि त्या नियमाला एक गोष्ट होती. ती गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावीच लागे.

अण्णा नवीन असताना एका नामांकित मास्तरांकडे कारागीर होते. विजयसिंह नावाच्या कुणा सरदारांचा मखमली कोट शिवायला आला. ट्रायलला यायला सरदारांना कमीपणा वाटला. त्यांनी निरोप धाडला, माझ्या अंगाचा कोणतरी उभा करा. मास्तरांनी प्रभुलिंगला उभा केला.

"पाच मिंटं मी सरदार हुतो," अण्णा सांगायचे. "गळ्यापतुर सोनेरी बटणं. आरशात बघतोय तर मलाच मुजरा करावा वाटाय लागला. तवर मास्तर म्हणले, उतर. उतरलो. तवाच ठरवलं, माझ्या दुकानात जो ट्रायलला उभा ऱ्हाईल, कोट त्येचाच."

आणि ते खरंच तसं वागत. एक नवरदेव ट्रायल देऊन गेला आणि त्याचं लग्न मोडलं. कोट नको म्हणून निरोप आला, तरी अण्णांनी तो पुरा केला आणि घरी नेऊन दिला. "लगीन मोडलं, अंग न्हाय मोडलं," म्हणाले.

दोन हजार सहा साली त्यांची भूक गेली. सोनोग्राफीत लिव्हर आक्रसलेलं दिसलं आणि त्यात एक लहान गाठ. रक्त तपासल्यावर कळलं की लहानपणीची कावीळ आत दबा धरून बसली होती. डॉक्टर म्हणाले, गावाकडं पूर्वी एकाच सुईनं सगळ्यांना टोचायचे, त्यातून आली असेल. दारूचा काही संबंध नाही. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी पानपट्टीवर येऊन सांगावं, अशी काकूंची फार इच्छा होती.

गाठ कॅन्सरची निघाली. ती जाळायला पुण्याला नेलं. जाळायची कशी, तर पोटातून लांब सुई घालून गाठीत अल्कोहोल सोडायचं. तेव्हा ही रीत होती. परत आल्यावर मी हे चुकून आकारामसमोर बोललो. त्याचा हात चुन्याच्या डबीतच थांबला.

"म्हंजे शेवटी आत गेलीच की," तो म्हणाला. "मी म्हणत हुतो अण्णा, तोंडानं घ्या, स्वस्तात पडंल."

अण्णा हसले. काकू हसल्या नाहीत.

गाठ गेली, पण अशा लिव्हरमध्ये ती पुन्हा उगवते. म्हणूनच कोल्हापुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नव्या इंजेक्शनचं संशोधन सुरू झालं, तेव्हा डॉक्टरांनी अण्णांचं नाव सुचवलं. दारू पिणारे त्यात घेत नव्हते. "बघा," अण्णा म्हणाले, "सोवळ्याचा पयल्यांदा उपयोग झाला."

मी बरोबर गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते छान होतं. "आपल्या रक्तात पोलीस असतात. पण कॅन्सरचा चोर घरातल्याच माणसाचे कपडे घालून फिरतो, म्हणून ते त्याला धरत नाहीत. हे इंजेक्शन त्यांना चोर ओळखायला शिकवेल, अशी आशा आहे."

"म्हंजे शिलाईवरनं चोर वळखायचा," अण्णा म्हणाले. "त्ये तर मीबी केलं असतं."

मग संशोधनाचं काम बघणाऱ्या मोना मॅडमनी संमतीचा कागद वाचायला घेतला. मराठीच होतं, पण कुठल्या गावचं ते कळत नव्हतं. "सदर यादृच्छिक, द्वि-अंध चिकित्सालयीन चाचणीमध्ये आपला सहभाग ऐच्छिक असून..."

"डोळ्यांवर परिणाम हुतो का ओ बाई?" काकूंनी विचारलं.

"नाही हो काकू. अंध म्हणजे कुणाला काय दिलं ते पेशंटला कळत नाही आणि आम्हालाही नाही. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. दोन्ही सारखंच दिसतं."

अण्णांनी डोकं खाजवलं. "ते हाय. पर मला एका शब्दात सांगा, करणार काय?"

"ट्रायल हो काका. ट्रायल."

अण्णांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "आसं म्हना की. मग मगाधरनं काय वाचतायसा."

त्यांनी सही केली. मॅडमनी निम्मं पाणी अगदी स्पष्ट सांगितलं होतं, अण्णांनी ऐकलंही होतं. पण ट्रायल हा शब्द त्यांच्या घरचा होता. त्याचा अर्थ त्यांना दुसऱ्या कुणाकडून शिकायचा नव्हता. घरी येताना ते म्हणाले, "आता मापात घेतलं म्हंजे झालं. कमी-जास्त असंल ते उसवून दुरुस्त करतील."

महिन्याला एक इंजेक्शन. प्रत्येक खेपेला ते इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. बोळात सगळ्यांना सांगायचे, माझी ट्रायल चाललीया. आकाराम विचारायचा, "कोट कवा मिळणार?" ते म्हणायचे, "गडबडीचं काम न्हाय ते."

त्याच भरात त्यांनी स्वतःसाठी कोट बेतला. राखाडी कापड, उभी बारीक रेघ. आयुष्यभर दुसऱ्यांचे शिवले, स्वतःला कधी नाही. काकू म्हणाल्या, "मला एक झंपर कवा येळंवर दिला न्हाईसा, आन् हे काय?"

"बरं झाल्यावर निपाणीला घालून जायचंय. जावयाला दिसू दे सासरा कोण हाय."

पांढऱ्या कच्च्या दोऱ्यानं कोट उभा राहिला. आरशासमोर अण्णांनी अंगात घातला आणि पुढची दोन्ही टोकं जवळ आणली. ती जुळेनात. त्यांना वाटलं, माप चुकलं. उसवून बाजूनं कापड सोडलं. आठवड्यानं पुन्हा घातला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी टेप पोटाभोवती धरून ते नुसते उभे राहिले. पोटात पाणी भरायला लागलं होतं, आणि ते पहिल्यांदा त्यांच्याच टेपला कळलं.

ते हॉस्पिटलात सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ढगळ शर्ट घालून पुढच्या इंजेक्शनला गेले. पण मग दुसऱ्या बाजूनं फुटलं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्यांनी डावी बाही उजवीकडं लावली आणि मी दाखवली तरी त्यांना ती दिसेना. हात पुढं केला की पंजा आपोआप फडफडायचा. कात्री दोनदा पायावर पडली. भरदुपारी मला म्हणाले, "मास्तर, दिवा लावा, सांज झाली." मी कुणाचा मास्तर नव्हतो. डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर विष गाळत नाही, ते मेंदूला चढलंय.

औषधानं जुलाब करवून डोकं ताळ्यावर आणलं, पोटातलं पाणी काढलं. आणि मोना मॅडम आल्या. फार हळू बोलल्या. "काका, तुम्हाला आता ट्रायलमधून बाहेर काढावं लागतंय. नियमच आहे तसा, पोटात पाणी झालं की थांबवायचं. बाकीचे उपचार चालू राहतील."

"पर माप बसलं न्हाय तर दुरुस्त करायचं असतंय बाई," अण्णा म्हणाले. "कापड परत देत न्हाईत."

"दुरुस्ती होईल काका. तुमच्यामुळं जे कळलं, त्याचा पुढच्या पेशंटना नक्की फायदा होईल."

अण्णांचं डोकं त्या दिवशी अगदी साफ होतं, नसतं तर बरं झालं असतं.

"पुढच्या," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "गाववाले, मला उभा केला हुता रं. गिऱ्हाईक दुसरंच हाय." परत वळून त्यांनी मॅडमना विचारलं, "निदान मला काय टोचलं ते तरी सांगा. खरं का पाणी?"

"आत्ता आम्हालाही माहीत नसतं काका. सगळं संपल्यावर उघडतात."

"ठीक. सरदारांना सवड झाली की सांगा."

पंधरवड्यात ते गेले. त्यांच्या रिवाजाप्रमाणं बसवून माती दिली. आकाराम खांदा द्यायला पुढं होता. परतताना रिक्षात त्यानं हळूच मला विचारलं, "पर खरं सांग, चोरून थोडी तरी घेत असंल की." त्याच्या तोंडाला वास येत होता. मी उतरलो नाही. अण्णांएवढी माझी ऐपत नव्हती.

संशोधन संपायला आणखी दोन वर्षं गेली. मी मधूनमधून विचारत राहिलो, आणि काकूंनी हॉस्पिटलला अर्ज केल्यावर मोना मॅडमनी एकदाचं सांगितलं. इंजेक्शनचा म्हणावा तसा उपयोग दिसला नव्हता. आणि हंजे काकांना इंजेक्शन मिळालंच नव्हतं. ते दुसऱ्या गटात होते.

मी दुकानात गेलो तेव्हा काकू तो राखाडी कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. विकायला दुसऱ्या टेलरला दाखवला होता. तो म्हणाला होता, पोटाला एवढा सैल आणि खांद्यात एवढा बारीक माणूस मी कुठनं आणू. आता त्या कापडाची पिशवी करायला कच्चा दोरा काढत होत्या.

"काय म्हणली बाई?"

"पाणी होतं, काकू."

त्यांनी दोरा ओढला. तो लांबच लांब निघत आला. बाहेर आकारामनं शटर ओढल्याचा आवाज झाला.

"मग जा, सांगून या त्येला," काकू म्हणाल्या. "शेवटपतुर पाणीच घेतलं म्हणावं."