क्लच नसलेला ट्रक

तंजावुरात अप्पाजींना लोक ओळखत ते त्यांच्या ट्रकमुळे, आणि ट्रकला ओळखत ते त्याच्या हिसक्यांमुळे. लग्नामुंजींची जेवणं करून देणाऱ्या लावण्याचा तो जुना परदेशी ट्रक, आणि अप्पाजी त्यावर ड्रायव्हर. ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही आणि गिअर आपले आपण पडतात. पडायला हवेत, असं म्हणू. गेले काही महिने दुसऱ्यावरून तिसरा पडायच्या आधी इंजिन नुसतं बोंब मारायचं, ट्रक जरा विचार करायचा आणि मग धाडकन पुढे जायचा. तिरुवैयारूच्या एका मुंजीचं सांबार पाहुण्यांच्या आधी ट्रकच्या फळ्यांनीच चाखलं.

लावण्याने त्याच दिवशी सांगून टाकलं, "मामा, पुरे झालें आतां. नवा ट्रक घेऊं. क्लचचा, साधा."

अप्पाजींनी नुसती मान हलवली. त्यांचा डावा गुडघा केव्हाच कामातून गेला होता. भरल्या ट्रकचा क्लच दिवसभर दाबणं त्या पायाला जमणारच नव्हतं. हे फक्त त्यांच्या बायकोला, ताराबाईंना ठाऊक होतं. बाकी गावाला ते सांगत की या ट्रकवर आपला जीव जडलाय. हा ट्रक गेला की ड्रायव्हरकीही गेली, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

मग ते हात धुऊन दुरुस्तीच्या मागे लागले. गिअरच्या दांडीची केबल आवळून घेतली. आरशाला लिंबू बांधलं. शेवटी सीटचं कव्हर बदललं. त्याचा गिअरशी काही संबंध नव्हता, पण करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

मेकॅनिक सुब्रमण्यमने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अण्णा, गिअरचं तेल पाहता ना?"

अप्पाजींना हा अपमान वाटला. ते तेल रोज पाहत. पहाटे बॉनेट उघडायचं, गंध-कुंकू लावायचं, कापूर ओवाळायचा, तेलाची पट्टी ओढून पाहायची, बॉनेट मिटायचं आणि मगच किल्ली फिरवायची. पूजेआधी इंजिन सुरू करायचं नाही आणि सुरू झालेल्या इंजिनात हात घालायचा नाही, हा त्यांच्या उस्तादाने घालून दिलेला नेम होता.

"रोज खुणेपर्यंत भरलेलं असतं," ते म्हणाले.

सुब्रमण्यमने ट्रक चांगला फिरवून गरम केला, इंजिन चालूच ठेवलं आणि पट्टी ओढली. टोकाला जेमतेम ओल होती.

"बंद इंजिनात तेल खाली उतरून साठतं, म्हणून भरलेलं दिसतं," तो म्हणाला. "या गाडीचं तेल चालू इंजिनावरच पाहायचं असतं."

तेलाच्या पाइपचा एक सांधा थेंब थेंब गळत होता. सुब्रमण्यमने तो बदलला आणि तेल भरलं. परतताना तिसरा गिअर इतका गुपचूप पडला की अप्पाजी बराच वेळ हिसक्याची वाट पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लावण्याला शेजारी बसवून नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणलं. ती खूश झाली.

"बेस चालतो कीं. आतां विकायलाही सोपें. नवा मीं बुक केलाय, मामा. पहिला तुम्हींच चालवायचा."

अप्पाजींनी ट्रक कडेला घेतला. एवढा खटाटोप करून त्यांनी ट्रकला गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं.

"लावण्या, मला क्लच दाबवत नाहीं," ते समोर बघत म्हणाले. "डावा पाय गेलाय. ट्रकवर जीव आहे म्हणून सांगत होतों, तें खोटें. नोकरी जाईल म्हणून भीत होतों."

लावण्या त्यांच्या पायाकडे पाहत राहिली.

"नवा ट्रक आपला वाढपी कार्तिक चालवील," ती म्हणाली. "हा राहूं दे तुमच्याकडे." मग जरा थांबून तिने विचारलं, "फार दुखतो कां, मामा?"

गिअरबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला अप्पाजींनी आजवर तडफदार उत्तर दिलं होतं. आता मात्र ते हळूच म्हणाले, "फार दुखतो."