हन्नाचं मोडलेलं मनगट

फोन आला तेव्हा मी सातपूरला भाच्याच्या वर्कशॉपात बसले होते. प्रेस चालू होती, पत्र्यावर पंच आदळत होता आणि पलीकडून कोण काय बोलतंय ते काही कळत नव्हतं. "कोण? कोण पडलं?" मी ओरडत होते. भाच्यानं हात करून मशीन बंद करायला लावलं. एकदम शांत झालं आणि आमच्या देवळाली कॅम्पच्या दूधवाल्याचा आवाज कानाशी आला. "बाई, हन्नामावशी गेल्या. बाजारात भाजी घेता घेता पडल्या... दवाखान्यात न्यायच्या आधीच." मी "बरं" म्हणाले. मग पुन्हा एकदा "बरं" म्हणाले. भाच्यानं पाणी आणून दिलं. कामगार माझ्याकडे बघत उभे होते आणि मला मात्र वाटत होतं, ती प्रेस पुन्हा सुरू करावी कुणीतरी.

हन्ना नांदगावकर माझी लहानपणापासूनची मैत्रीण. आडनाव ऐकून नाशिकची माणसं विचारायची, "मनमाडजवळचं नांदगाव का?" ती सांगायची, "नाही, मुरुडजवळचं. आम्ही कोकणातले." मग "मग हन्ना हे नाव कसं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असे, आणि त्याचं उत्तर ऐकून समोरचा गोंधळून जाई. ती बेने इस्राएल होती, म्हणजे शेकडो वर्षं कोकणात राहून मराठी झालेली ज्यू. तिचे वडील लष्कराच्या वर्कशॉपात फिटर, माझे तिथेच क्लार्क. कॅम्पात त्यांची चार-पाच घरं होती. प्रार्थनेला वेगळी जागा नव्हती, कुणाच्या तरी पुढच्या खोलीत जमायचे. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की हन्नाच्या घरचं काम थांबायचं. कोंबडी त्यांच्यातलाच एक माणूस कापायचा, एका ओढीत, आणि रक्त पूर्ण निथळून जाईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. आम्ही दोघी भिंतीवर बसून ते बघायचो. मी डोळे मिटायचे. ती मिटायची नाही.

बाविशीत तिचं लग्न झालं. सॅमसन मुलगी बघायला इस्रायलहून आला होता. बसचा मेकॅनिक, बोलायला अगदी मऊ. त्याचं घराणं तिकडे जाऊन बरीच वर्षं झाली होती. देशाच्या पार उत्तरेला, सीमेला चिकटून, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. बस तिथे संपायची आणि परत फिरायची. ते गाव कसं वसलं ते तिच्या सासऱ्यांनी तिला सांगितलं होतं. जहाजातून उतरलेल्या माणसांना ट्रकमध्ये घातलं आणि इतक्या लांब आणलं की बायका रडायला लागल्या. समोर पत्र्याच्या खोल्या, चिखल आणि डोंगरावरून येणारा वारा. कुणी उतरायला तयार होईना. शेवटी ड्रायव्हरनं ट्रकचा हौदा उचलून कलता केला आणि माणसं, ट्रंका, अंथरुणं सगळी एकदम खाली ओतली. सासरे सांगायचे, "खडीसारखं ओतलं गं आम्हांला. माझा दात तिथेच पडला." त्या गावात मोरोक्कोचे ज्यू होते, इराककडचे होते, रुमानियाचे होते, आणि शेवटच्या दोन इमारतींत हे मराठी बोलणारे. पोहे, खोबरं, साखर घालून मलिद्याचं ताट करणारे. तिथे नारळ मिळायचा नाही, मग खोबऱ्याच्या वाट्या मुंबईहून जायच्या.

देवळालीत लष्कराची तोफांच्या सरावाची रेंज आहे, तिथे वाढलेल्या माणसाला तोफांचं काही वाटत नाही. आज फायरिंग आहे म्हटलं की भांडी मांडणीवर थोडी आत सरकवायची, एवढंच. हन्ना त्या गावात जाऊन महिनाभर झाला असेल, सीमेपलीकडून पहिले गोळे आले. ती ओट्याशी उभी राहून चहा ढवळत होती. आवाज झाला, खिडकी थरथरली, ती ढवळत राहिली. शेजारची मोरोक्कोची बाई दार ढकलून आत आली, तिनं हन्नाच्या वेणीला धरलं आणि ओढत जिन्यावरून खाली, तळघरातल्या निवाऱ्यात नेऊन आदळलं. वर येऊन बघते तर ओट्यावरची खिडकी आत पडलेली, काचा चहात. "शैले," ती मला सांगायची, "त्या बाईनं माझे केस मुठीनं उपटले होते. डोक्याला इथे अजून चाई आहे, बघ. ती चाई आहे म्हणून मी आहे."

तिचा दीर एझ्रा. त्याच्याबद्दल ती कधीच वाईट बोलली नाही, म्हणून मीही जपून लिहिते. त्याचं लग्न ठरलं तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी अडवलं होतं. तुम्ही हिंदुस्तानातले, तुम्ही खरे ज्यू कशावरून, आजीची आजी कोण होती ते सिद्ध करा म्हणाले. लग्न लांबत गेलं, मुलीकडचे कुजबुजायला लागले. तो कामाला होता त्या गिरणीत त्याला "काळ्या" म्हणून हाक मारायचे. एकदा त्यानं हाक मारणाऱ्याचं नाक फोडलं होतं. तेव्हापासून गावात काहीही झालं, भांडण असो, वणवा असो, एझ्रा सगळ्यांच्या पुढे. आपण यांच्यातलेच आहोत हे त्याला रोज नव्यानं दाखवावं लागायचं.

सॅमसन गेला तो दिवस तिनं मला एकदाच सांगितला, सलग, आवाज न चढवता. दुपार होती. भोंगा वाजला, सगळे तळघरात उतरले. दारापाशी सॅमसनच्या लक्षात आलं की वडील वरती गॅलरीत बसलेत. त्यांना ऐकू कमी यायचं. "आलोच," म्हणून तो वळला. रॉकेट जिन्यावर पडलं. हन्ना बाहेर आली तेव्हा धूळ इतकी होती की तिला स्वतःचे हात दिसत नव्हते. धूळ बसली तेव्हा जिनाच उरला नव्हता. वरून लोखंडी सळया लोंबत होत्या आणि एका सळईला त्याच्या शर्टाची बाही होती... बाही रिकामी नव्हती. तिसऱ्या मजल्यावर, अर्ध्या उरलेल्या गॅलरीत सासरे तसेच खुर्चीत बसले होते. अंगावर ओरखडा नाही. खाली वाकून विचारत होते, "हन्ना, सॅमसन कुठे गेला?"

ज्यू लोकांत मरणानंतर सात दिवस घरात बसतात. अंगावरचा कपडा फाडतात, पायांत चपला घालत नाहीत, उंबरा ओलांडत नाहीत. तिचं घर राहिलं नव्हतं म्हणून ती आणि तिची शाळकरी मुलगी ओर्ना एझ्राच्या घरी जमिनीवर बसल्या होत्या. घरासमोर सफरचंदांचं गोदाम. हन्ना तिथेच पेट्या भरायची. तिच्याबरोबर फळांच्या सरकत्या पट्ट्यावर नबील नावाचा एक अरब काम करायचा, शेजारच्या खेड्यातला. बरीच वर्षं दोघं समोरासमोर उभे राहून फळं निवडायचे, एकमेकांच्या मुलांची चौकशी करायचे. तो हल्ल्यानंतर गोदामामागे हसत होता, अशी कुणीतरी आवई उठवली. दुपारपर्यंत ती गावभर झाली. कामावरून सुटून तो फाटकाबाहेर आला तेव्हा वीस-पंचवीस माणसं उभी होती. हातांत पेट्यांच्या फळ्या, नळाचे पाइप. एझ्राही सुतकात होता, पण तो उठून गेला होता. त्याच्या हातात बसच्या चाकाचे नट खोलायची पहार होती. भावाच्या हत्यारांतली.

हन्नाला आधी किंकाळी ऐकू आली. ती खिडकीशी गेली. नबील गुडघ्यांवर होता, एक डोळा रक्तानं बुजलेला, आणि माणसं रांगेत असल्यासारखी आळीपाळीनं पुढे येऊन मारत होती. ओर्नानं तिचा पदर... पदर कसला, फाडलेला झगाच तो, धरून ठेवला. "आई, सात दिवस झाले नाहीत!" हन्नानं तो हिसडला. ती अनवाणी खडीवरून धावत गेली आणि त्याच्या अंगावर आडवी पडली. तिला त्यांच्या भाषेतला एकही शब्द आठवेना. इतकी वर्षं बोलत होती ती भाषा, पण त्या क्षणी तोंडातून आलं ते मराठी. "सोडा! सोडा त्याला! नवरा माझा मेलाय, तुमचा नाही!"

त्या घोळक्यात हे फक्त मराठी घरांतल्या तिघा-चौघांना कळलं. एझ्राला कळलं. पण पहार तोवर खाली यायला निघाली होती. तिनं डावा हात वर केला. "आवाज आला गं," ती म्हणाली, "ओली फांदी मोडते तसा. आणि पहिल्यांदा मला वाटलं, त्याचं काहीतरी मोडलं."

मग कुणी मारलं नाही. माणसं एक एक करून पांगली. एझ्रानं पहार टाकली, गोदामाची व्हॅन आणली, नबीलला उचलून मागे झोपवलं, वहिनीला पुढे बसवलं आणि दोघांना घेऊन शहराच्या इस्पितळाकडे निघाला. डोंगराचा रस्ता, वळणं. मागून कण्हण्याचा आवाज येत होता. वाटेत एझ्रा एवढंच बोलला, "वहिनी, हात वर धरून ठेव." त्यानंतर तो तिच्याशी कधीच बोलला नाही.

नबीलचा तो डोळा गेला. तो पुन्हा कामावर आला नाही. काही महिन्यांनी हन्नाच्या नव्या खोलीच्या दारात ऑलिव्ह तेलाचा मोठा डबा होता. कुणी ठेवला ते तिनं विचारलं नाही. गावानं तिला काही केलं नाही, फक्त बोलणं कमी केलं. पट्ट्यावर तिच्यासमोर कुणी उभं राहीना. हे तिनं सोसलं असतं. पण ओर्ना काकाकडेच राहिली. म्हणाली, "बाबांसाठी तू सात दिवससुद्धा बसली नाहीस." त्या वाक्यानंतर दोनेक वर्षांत हन्ना देवळालीला परत आली. एक बॅग, वाकडं जोडलेलं मनगट.

आली त्या आठवड्यात फायरिंग होतं. मी तिच्याकडे भाकरी घेऊन गेले होते. पहिली तोफ उडाली मात्र, तिनं उजव्या हातानं माझा अंबाडा धरला आणि मला फरफटत मोरीत नेऊन खाली दाबलं. माझं कपाळ फरशीवर आपटलं, रक्त आलं. ती माझ्यावर पडून राहिली होती. "हन्ना, रेंजवरचा आवाज आहे तो. आपली देवळाली." तिला कळत होतं, पण ती उठू शकत नव्हती. नंतर तिनंच हळद लावली आणि आम्ही दोघी हसलो. मग ती जे रडायला लागली ते अंधार पडेपर्यंत. त्याच रात्री तिनं मला हे सगळं सांगितलं.

तिनं दिंडोरीकडे एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम धरलं. एका हातानं घड तोलून, कुजका मणी नखानं उडवून इतक्या सफाईनं पेटी भरायची की मालकानं तिला बायकांवर देखरेखीला ठेवलं. बायका तिला टरकून असायच्या. पट्ट्यावर दोघींची जुंपली की ही मध्ये जाऊन उभी राहायची. एकदा मुकादमानं एका पोरीवर हात उचलला तेव्हा हिनं रिकामी क्रेट त्याच्या पायावर टाकली. "चुकून पडली," म्हणाली. त्यानं पुन्हा हात उचलला नाही.

मग गेल्या वेळची लढाई. उत्तरेकडचं ते गावच्या गाव रिकामं केलं. ओर्ना मुलांना घेऊन कुठल्याशा हॉटेलात. घराचं छप्पर उडालं. हन्ना दिवसभर फोनवर फोटो बघायची, गावाचे आणि सीमेपलीकडच्या खेड्यांचेही, तिथे तर इमारतींच्या इमारती बसल्या होत्या. मी म्हणायचे, नको बघूस. ती म्हणायची, "जिने बघते. कुणाचा जिना उरलाय ते." एक दिवस ओर्नाचा फोन आला, कितीतरी वर्षांनी, स्वतःहून. मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, भोंगा वाजला की मी मुलांचे केस ओढते." हन्ना नुसतं "हं" म्हणत राहिली. त्यानंतर रोज फोन व्हायचा.

भेट मात्र झाली नाही. नाशिकला आता त्यांच्या प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही भरत नाहीत. गेली त्या दिवशी तिला दफनासाठी ठाण्याला नेलं, तिथल्या मंडळींनी सगळं नीट केलं. लढाईमुळे तिकडची विमानं बंद होती. ओर्ना आली ती काही आठवड्यांनी. उंच, केस पांढरे व्हायला लागलेली, चेहरा थेट सॅमसनचा. आईच्या घरात ती दोन दिवस नुसती फिरत होती, कशालाच हात न लावता. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मावशी, काकापण उठला होता. त्याचेपण सात दिवस होते. तिथे कुणीच त्याला बोललं नाही... मीपण नाही." मी तिच्या ताटात भात वाढला.

परवा सकाळी मी गेले तर ती मोरीत उभी होती. आईची एक साडी तिनं धुतली होती आणि नळाकडे बघत होती. भिंतीतला पितळी नळ, उजवीकडे चांगलाच कललेला, मानेपाशी घासून गुळगुळीत झालेला. घरमालकानं मला दोनदा सांगितलं होतं, तो नळ बदलून घ्या. "हा असा का?" तिनं विचारलं. मी सांगितलं. डाव्या हातात जोर नव्हता, त्यामुळे तिला कपडे पिळता यायचे नाहीत. ती ओला कपडा नळाला अडकवायची आणि उजव्या हातानं पीळ द्यायची. रोज, इतकी वर्षं.

ओर्नानं साडी नळाभोवती अडकवली, दोन्ही टोकं उजव्या मुठीत धरली. डावा हात पाठीमागे नेला. पाय रोवून पीळ द्यायला लागली. पाणी धो धो गळालं, मग धार झाली, मग थेंब. नळ भिंतीत करकरला, पण जागचा हलला नाही. ती पिळतच राहिली.