सहा बावन्नची कारलिफ्ट

अख्ख्या ओमानात रेल्वेच्या वेळापत्रकाने जगणारा माणूस एकच होता, आणि ओमानात प्रवाशांची रेल्वेच नाही, ही अडचण त्याने कधी मनावर घेतली नाही. सीबमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे अंकल मूळचे वसईचे, रुसैलच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरचे फिटर. मी त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये नवा लागलो होतो. फार वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना तीन महिने जपानला ट्रेनिंगला पाठवलं होतं. लोक जपानहून कॅमेरे आणतात. अंकल एक स्टेशन घेऊन आले.

ते स्टेशन काही बघण्यासारखं नव्हे, हे तेच सांगत. कारखान्यांच्या वस्तीत, कालव्याच्या काठाला एकच फलाट, तीन डब्यांची गाडी, स्टेशनमास्तर नाही, आणि बाहेर पडायचं दार थेट कारखान्याच्या फाटकात. सकाळी कामगार उतरून आत गेले की दुपारभर तिथे एक बाकडं आणि पाण्यावरचे पक्षी. "पण सात अठरा म्हणजे सात अठरा!" अंकल टेबलावर बोट आपटत. "माझं घड्याळ चुकलं असेल, गाडी नाही." हे वर्णन मी सीबच्या मासळीबाजारात ऐकलंय, शुक्रवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पार्किंगमध्ये ऐकलंय, आणि एकदा त्यांची दाढ काढायला सोबत गेलो तेव्हा तोंडात कापूस असतानाही ऐकलंय.

त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून अंकलसोबत आम्ही तिघे कामाला जात असू. याला इकडे कारलिफ्ट म्हणतात. सुटायची वेळ सहा बावन्न. निघण्याआधी अंकल जपानी ड्रायव्हरसारखे एकेका वस्तूकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणत, "आरसा, ठीक! ब्रेक, ठीक! दारं, ठीक!" इमारतीतली पोरं बाल्कनीतून "ऑल ओके, अंकल!" ओरडत, तर अंकल गंभीरपणे त्यांच्याकडेही बोट दाखवत. सहा त्रेपन्नला येणाऱ्याला गाडीचा धूर मिळे. एका लग्नाला निघताना आँटी लिपस्टिकसाठी परत वर गेल्या आणि लग्नाला टॅक्सीने पोचल्या. "तिला टाइमटेबल माहीत होतं," एवढंच अंकल म्हणाले. आँटींनी पुढचे चार दिवस त्यांना पेजेवर ठेवलं.

पण खरं वेड चिठ्ठ्यांचं. जपानात एकदा गाडी सहा मिनिटं उशिरा आली. तेव्हा गाडी बदलायच्या मोठ्या स्टेशनावर एका माणसाने कमरेत वाकून प्रत्येकाला चिठ्ठी दिली: उशीर रेल्वेचा आहे, या प्रवाशाला बोल लावू नये. "अरे, रेल्वेने माफी मागितली! मला! एका फिटरला!" हे सांगताना ते दर वेळी स्वतः कमरेत वाकून दाखवत. तेव्हापासून कारलिफ्टला उशीर झाला की अंकल पॅडवर आम्हा सगळ्यांना चिठ्ठी लिहून देत. कारण खरंच लिहायचं, हा नियम. "राउंडअबाउटवर टँकर आडवा." "रस्त्यावर बकऱ्या." एकदा तर "चालकाचं पोट बिघडलं." फाटकावरचा वॉचमन आधी हसला, पण पुढे मॅनेजरही चिठ्ठी पाहून लेटमार्क माफ करू लागला, कारण अंकलचं कारण खोटं निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

कारलिफ्ट धरण्याआधी मी दोनदा उशिरा पोचलो होतो. मी प्रोबेशनवर, आणि तिसरा उशीर झाला तर खलास, व्हिसा रद्द, असं मॅनेजरने बजावलं होतं. तिकडे अलिबागला आई-वडिलांना मी नोकरी पक्की असल्याचं सांगून बसलो होतो. अशातच नवा फोन घेतला, गजर लावताना हात गावच्या सवयीने सोमवार ते शुक्रवारवर गेला, आणि ओमानात कामाचा वार असलेल्या रविवारी मी गाढ झोपून राहिलो.

दार कुणीतरी बडवत होतं. उघडलं तर अंकल! सात वाजून पाच मिनिटं झाली होती. "यल्ला, यल्ला! शर्ट गाडीत घाल!"

आम्ही अकरा मिनिटं उशिरा पोचलो. गाडी थांबताच त्यांनी पॅड काढलं. कारण खरंच लिहायचं, म्हणजे माझी नोकरी गेली. मॅनेजरच्या टेबलावर त्यांनी चिठ्ठ्या दोन्ही हातांनी ठेवल्या आणि कमरेत वाकले. मॅनेजर ओमानी, पण हिंदी झकास बोलायचा. त्याने वाचून वर पाहिलं.

"अंकल, तुम सो गया?"

"हां सर. ड्रायव्हर सो गया. इन लोगों का कुछ गलती नहीं."

"अठारह साल में पहली बार!" म्हणत त्याने, झोपेला माफी नाही या नियमाप्रमाणे, एकट्या अंकलच्या नावापुढे लेटमार्क मारला. कारलिफ्टमधले बाकीचे दोघे छताकडे बघत राहिले.

संध्याकाळी मी म्हटलं, "अंकल, उद्या मी खरं सांगतो."

"काही नको. तुझ्यासाठी थांबायचं मी ठरवलं. गाडी माझी, उशीर माझा. झोपल्याचं तेवढं खोटं, ते फादरना कन्फेशनमध्ये सांगेन. तू आधी तो गजर बदल."

त्याच वर्षी अंकल निवृत्त होऊन वसईला गेले. निरोपाच्या दिवशी मॅनेजरने त्यांची फाइल उघडून सगळ्यांना सांगितलं, "अठारह साल, लेट सिर्फ एक दिन. नींद आ गया था!" सगळे खो खो हसले. अंकल सर्वांत मोठ्याने हसले. तोवर माझी नोकरी पक्की झाली होती. उठून दोन वाक्यं बोललो असतो तर माझं काही बिघडणार नव्हतं. मी उठलो नाही. त्याची लाज मला आजही वाटते. अंकल अजून वसईहून फोन करतात, जेवलास का विचारतात. त्यांच्या फाइलमधला तो एक दिवस माझा आहे, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.